वाट वाकडी करून

ज्या गावाच्या नावातच वेळ आहे त्या गावाला घड्याळाची फारशी पर्वा नसावी, हा एक गमतीचाच योग म्हटला पाहिजे. सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्यातले वेळापूर हे माझे आजोळ. लहानपणी सुटीत तिथे गेलो आणि पारावरच्या मंडळींना 'किती वाजले?' म्हणून विचारले, तर 'पंढरपूरची गाडी गेली न्हवं आत्ताच' असे उत्तर मिळायचे. त्यावरून ज्याने त्याने आपला अंदाज बांधावा! अर्धनारीनटेश्वराचे यादवकालीन देऊळ गावात आहे. देवळातल्या गार दगडी फरशीवर दुपारी पाठ टेकली, की सातशे वर्षांपूर्वीचा काळ आणि आजचा काळ यांत फारसे अंतर आहे असे वाटेनासे होते.

पण वर्षातून एक दिवस असा येतो की हे सुस्त गाव मिनिटामिनिटाला जागे असते. तो दिवस म्हणजे ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीच्या मुक्कामाचा. माळशिरसहून निघालेली पालखी खुडूसच्या रिंगणानंतर वेळापूरकडे वळते आणि उतारावर आल्यावर हजारो वारकरी एकदम पळत सुटतात. तुकाराममहाराजांना इथून पंढरीचा कळस दिसला आणि ते देहभान विसरून धावत निघाले, अशी श्रद्धा आहे. त्याला 'धावा' म्हणतात. सत्तरीची म्हातारी डोक्यावरची तुळस सावरीत धावते आणि तिच्यामागे धापा टाकीत माझ्यासारखा पुणेरी पाहुणा धावतो. कळस तर मला कधी दिसला नाही. परंतु धावण्यातला आनंद मात्र दिसला.

२०२५ सालच्या आषाढात मी मुद्दाम पालखीसाठी मामांकडे गेलो होतो. मामांचे वय शहात्तर. ऊस, थोडे डाळिंब, दोन म्हशी आणि दोन्ही गुडघ्यांत संधिवात, असा त्यांचा संसार. पूर्वी ते आळंदीपासून चालत जात. आता गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे दारी आलेल्या दिंडीला पिठले-भाकरी वाढणे, एवढीच वारी उरली आहे. संध्याकाळी तळावर समाज-आरतीला आम्ही उभे होतो. चोपदाराने चोप उंचावला आणि क्षणभरात तो जनसागर गप्प झाला. मग दिवसभरात सापडलेल्या आणि हरवलेल्या वस्तू पुकारल्या गेल्या. उद्याची निघण्याची वेळ सांगितली गेली. रथापुढच्या दिंड्या कोणत्या, मागच्या कोणत्या, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला. ओझे मोजके, जेवण साधे, पहिला वर्ग-दुसरा वर्ग हा भेद नाही, आणि वेळ कोणाही एकासाठी थांबत नाही. इतक्या माणसांचा इतक्या कमी खर्चात चालणारा दुसरा प्रवास माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्या वेळी मला कुठे ठाऊक होते, की याच गोष्टी दहा-बारा दिवसांत मला एका विमानात पुन्हा भेटणार आहेत!

*

रात्री पंगती उठल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमच्या ताईचं कळलं का? तिच्या पाठीच्या मणक्याचं आपरेशन झालं. दागदरानं सहा म्हैने परवास बंद केलाय. यंदा दिवाळीला याची न्हाय ती."

ताई म्हणजे माझी मामेबहीण. नऊ वर्षांपूर्वी तिने आपल्या मनाने लग्न केले आणि ती गोव्याला, म्हापशाला, गेली. मामा लग्नाला गेले नाहीत. पुढे वर्षभरात राग निवळला, जावयाशी बोलणे सुरू झाले, नातीच्या बारशाला मामी जाऊनही आल्या. पण मामांनी लेकीच्या घराचा उंबरठा म्हणून पाहिला नाही. विचारले की कधी ऊसतोड असायची, कधी वारी, कधी गुडघे. आणि काहीच नसले तर 'लई लांब हाय बाबा गोवा' हे तर असायचेच. ताई मात्र दर दिवाळीला रात्रभर बस बदलीत, लेकीला मांडीवर घेऊन, न चुकता वेळापूरला येत असे.

मी दुसऱ्या दिवशी मामांपुढे विषय काढला. म्हटले, "मामा, एकादशी होऊ द्या, पौर्णिमेचा काला होऊ द्या, आणि आपण तिघे विमानाने गोव्याला जाऊ या."

"इमान? कुठनं?"

"सोलापूरहून."

मामांनी डावा हात एका दिशेला केला आणि उजवा दुसऱ्या. "आरं, गोवा ह्या अंगाला आन् सोलापूर त्या अंगाला! शंभरावर किलोमीटर उलटं जायाचं आन् तिथनं गोव्याला उडायचं?"

त्यांचे भूगोलाचे ज्ञान बिनचूक होते. हा द्राविडी प्राणायाम होता खरा. परंतु मोटारीने थेट जायचे म्हणजे आठ-नऊ तासांचा प्रवास आणि पावसाळ्यातला घाट. ते गुडघे तेवढा वेळ दुमडून बसणे शक्यच नव्हते. सोलापूरपर्यंत मात्र मध्ये पंढरपूरला उतरून पाय मोकळे करता येतात आणि पुढे विमानात तासाभराचे काम. हे सगळे मी समजावून सांगितले. भाड्याचा आकडा ऐकल्यावर मामांनी भुवया चढवल्या.

"एवढ्या सवस्तात? आरं, इतक्या कमी पैशात इमान उडवत्यात म्हंजी कुठं तरी काटा मारत असणार ही लोकं!"

उसाच्या शेतकऱ्याला काट्याखेरीज दुसरा संशय येणार कोणता? पण प्रश्न अगदी रास्त होता. त्याचे उत्तर देता देता मला वेळापूर ते सोलापूर हा सबंध रस्ता पुरला.

*

मी सुरुवात केली ती मामांच्या ओळखीच्या गाडीपासून. "मामा, तुम्ही लहानपणी बार्शी लाइटमधून गेलेले आहात ना?"

मामांचा चेहरा खुलला. कुर्डुवाडी-पंढरपूरची ती चिमुकली आगगाडी! या जिल्ह्यातल्या जुन्या माणसांना तिच्याविषयी दोन विनोद सांगितल्याशिवाय राहवत नाही. चढावर उतारू खाली उतरून बरोबरीने चालत, ही गोष्ट मामांनीही सांगितली. पण त्या गाडीमागे एक हुशार डोके होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने पाहिले की बार्शीसारख्या गावाला मोठी रेल्वे परवडणार नाही. म्हणून त्याने रूळ घातले ते अडीच फूट रुंदीचे, आणि सगळ्या गाड्या अशा बांधून घेतल्या की कुठल्याही आसावर पाच टनांहून अधिक भार पडू नये. भार हलका, म्हणून रूळ हलके; रूळ हलके, म्हणून खर्च कमी. १८९७ साली ती कुर्डुवाडीहून बार्शीला धावू लागली, १९०६ साली पंढरपूरला पोचली, आणि गोरगरीब वारकऱ्याला आगगाडी परवडू लागली. हलके तेच स्वस्त, हा धडा आपल्या सोलापूर जिल्ह्याने असा सव्वाशे वर्षांपूर्वीच गिरवला आहे.

विमानाला हा धडा उशिरा मिळाला. १९३२ सालच्या १५ ऑक्टोबरला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एकटे उडाले आणि मुंबईला जुहूच्या मैदानावर उतरले, तेव्हा वाटेत अहमदाबादला विमानाचे पेट्रोल बैलगाडीतून आले होते. पुढे १९४९ साली रात्रीची टपालविमाने सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांची विमाने मध्यरात्री आपल्या नागपूरला एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करीत आणि उजाडायच्या आत आपापल्या गावी परतत. पत्राला विमान परवडू लागले. पण पत्र लिहिणाऱ्याला नाही. १९५३ साली विमानकंपन्या सरकारच्या झाल्या आणि पुढची चाळीस वर्षे विमान ही साहेब, पुढारी आणि शेटजी यांचीच वस्तू राहिली.

"मग सवस्त केलं कुणी?" मामांनी विचारले. मोहोळ मागे पडले होते.

ते केले अमेरिकेत टेक्सास संस्थानातल्या साउथवेस्ट नावाच्या एका लहानशा कंपनीने. १९७१ साली तीन गावांमध्ये तिची विमाने सुरू झाली. पुढच्याच वर्षी पैशांच्या ओढाताणीत चारातले एक विमान विकण्याची पाळी आली. आता चार विमानांचे काम तिघांनी कसे करायचे? तेव्हा असे ठरले की उतरलेले विमान दहा मिनिटांत पुन्हा उडायचे. उतारू उतरताहेत, तोवर सामान निघते आहे, दुसऱ्या दाराने झाडलोट चालली आहे, असा प्रकार. त्या अडचणीतूनच सगळ्या स्वस्त विमानकंपन्यांचा मूलमंत्र निघाला. विमान हवेत असते तेव्हा कमावते; जमिनीवर उभे असते तेव्हा नुसते खाते.

"बैलावाणीच की," मामा म्हणाले. "दावणीला बांधला तरी वैरण लागतीच."

याहून चांगली व्याख्या मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. बाकीच्या युक्त्या या एकीच्याच लेकी. सगळी विमाने एकाच जातीची घ्यायची, म्हणजे वैमानिक एक, कारागीर एक, सुटे भाग एक. वर्ग एकच ठेवायचा. जेवण फुकट द्यायचे नाही. तिकीट दलालामार्फत न विकता थेट विकायचे. आणि खुर्च्या रिकाम्या जाऊ द्यायच्या नाहीत.

आपल्या देशात हे वारे आणले ते कॅप्टन गोपीनाथ यांनी. कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातला हा गृहस्थ. सैन्यातून बाहेर पडून त्याने शेती केली, रेशमाचे किडे पाळले, मग हेलिकॉप्टरे भाड्याने देण्याचा धंदा काढला आणि २००३ सालच्या ऑगस्टात 'एअर डेक्कन' सुरू केली. विमाने लहान, पंख्याची. गावेही लहान, हुबळीसारखी. काही तिकिटे तर एक रुपयाला! आणि कंपनीचे बोधचिन्ह कोणते, तर आर. के. लक्ष्मण यांचा चौकड्याच्या कोटातला 'कॉमन मॅन'. पन्नास वर्षे वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात मुकाट्याने उभा असलेला तो म्हातारा अखेर विमानावर जाऊन बसला.

"मग आता हाय का ती कंपनी?"

इथे मात्र माझा आवाज जरा खाली आला. नाही. ती पुढे किंगफिशरमध्ये विलीन झाली आणि किंगफिशर २०१२ साली जमिनीवर आली ती कायमचीच. त्याआधी काही काळ तिचे विमान मुंबईहून सोलापूरलाही येत असे. ते तर केव्हाच बंद पडले होते. २०१७ च्या डिसेंबरात डेक्कनचे नाव पुन्हा एकदा निघाले. अठरा-एकोणीस खुर्च्यांची छोटी विमाने नाशिक-जळगावकडे उडाली, आणि तीही थांबली. स्वस्त तिकीट विकणे सोपे. स्वस्तात विमान चालवणे कठीण. तेलाचा भाव कंपनीच्या हातात नाही, रुपयाचा नाही, पावसाचा नाही. हातात असते ते फक्त वेळेवर निघणे.

मामांनी मग तिकिटाच्या भावाबद्दल आणखी एक शंका काढली. मी बुकिंग केले त्या रात्री जो दर होता तो दोन दिवसांनी मामेभावाने पाहिला तर वाढलेला. मामा म्हणाले, "बाजारात भाजी सांजच्याला सवस्त हुती. तुमचं तिकीट निघायच्या टायमाला म्हाग कसं?"

मी सांगितले, "भाजी उरली तर नासते, म्हणून विकणारा घायकुतीला येतो. विमानाची खुर्चीही उडाल्यावर नासतेच. पण शेवटच्या दिवशी जो येतो त्याला जाणे भागच असते. घायकुती त्याची असते, कंपनीची नव्हे. म्हणून लवकर येणाऱ्याला स्वस्त आणि उशिरा येणाऱ्याला महाग."

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजी सैलीला जाणाऱ्याला कमी, आन् मयताला जाणाऱ्याला जास्त."

मी निरुत्तर झालो. शहात्तर वर्षांच्या माणसाशी हिशेबाच्या गोष्टी फार करू नयेत.

*

सोलापूरचा विमानतळ होटगी रस्त्यावर आहे. तिकडे जाताना मामांनी मोटारीच्या काचेतून श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची जागा दाखवली. "हितं हुतं ते धुराडं."

ते धुराडे सगळ्या जिल्ह्यात गाजले. कारखान्याच्या वीजनिर्मिती प्रकल्पाची सुमारे नव्वद मीटर उंचीची ती चिमणी विमानांच्या वाटेत येते असे ठरले. एका बाजूला शहरातली मंडळी म्हणत, की चिमणी आहे तोवर विमान नाही, आणि विमान नाही तोवर उद्योग नाही. दुसऱ्या बाजूला सभासद शेतकरी म्हणत, की आमच्या उसाच्या पैशांतून उभी राहिलेली चिमणी पाडली तर आमच्या गाळपाचे काय? वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या आणि मोर्चे झाले. शेवटी २०२३ सालच्या १५ जूनला ती पाडण्यात आली. काही क्षणांत धुरळा उडाला आणि आभाळ मोकळे झाले. पुढच्या वर्षी सप्टेंबरात नव्याने सजलेल्या विमानतळाचे पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झाले, आणि २०२५ सालच्या ९ जूनला 'फ्लाय ९१' या गोव्याच्या कंपनीचे पहिले विमान सोलापूरहून गोव्याला गेले. ९१ हा आपल्या देशाचा टेलिफोनचा आकडा, हे सांगितल्यावर मामांना ते नाव पसंत पडले.

"पर मंग तिकीट सवस्त कसं म्हनायचं?" मामा अजून त्या धुराड्याच्या जागेकडेच पाहत होते. "राहिल्याला पैसा ऊसवाल्यानं भरला की."

मला वाटते, स्वस्त विमानाविषयी मी जे काही वाचले आहे त्याचे सार या एका वाक्यात आले. स्वस्त तिकिटाची उरलेली किंमत कोणी तरी भरीतच असतो. 'उडान' ही सरकारी योजना २०१६ साली जाहीर झाली आणि २०१७ च्या एप्रिलपासून विमाने उडू लागली. सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा ठरली. निम्म्या खुर्च्या अशा बांधलेल्या भाड्याने द्यायच्या, आणि कंपनीला जो तोटा येईल तो तीन वर्षे सरकारने भरून द्यायचा. ते पैसे कुठून? तर मोठ्या शहरांमधल्या विमानांवर कर बसवून. म्हणजे मुंबईहून दिल्लीला जाणारा उतारू न कळत जळगाव-नांदेडच्या उतारूचे थोडे भाडे भरतो. योजना चांगली; पण महालेखापरीक्षकांचा २०२३ सालचा अहवाल वाचला तर छातीत धस्स होते. पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग मंजूर झाले. त्यांपैकी ३७१ सुरू झाले. पुरी तीन वर्षे टिकले ते ११२. आणि मदत संपल्यावरही जे आपल्या पायांवर चालत राहिले, ते अवघे ५४!

तेव्हा विमान आले म्हणून गावाने पेढे वाटावेत हे खरे. पण ते राहावे असे वाटत असेल तर गावाने त्यात बसले पाहिजे, हे अधिक खरे.

*

विमानतळावर मामांच्या दोन परीक्षा झाल्या. पहिली वजनाची. लेकीसाठी त्यांनी डाळिंबे, शेंगांची चटणी, कडक भाकऱ्या आणि ज्वारीचे पीठ असा सरंजाम घेतला होता. तो मर्यादेपेक्षा तीन किलोंनी जास्त भरला. मामांनी काट्यावरचा आकडा दोनदा वाचला, पिशवी काढून पुन्हा ठेवायला लावली, आणि मग समाधानाने मान डोलावली. "काटा बरुबर हाय." तीन किलो पीठ पोचवायला आलेल्या मामेभावाबरोबर वेळापूरला परत गेले. बार्शी लाइटचाच नियम: हलके तेच स्वस्त.

दुसरी परीक्षा तपासणीची. मामांच्या बंडीतून पानाची चंची निघाली आणि चंचीतून अडकित्ता! तिथल्या जवानाने तो हातात घेऊन नम्रपणे सांगितले, की आजोबा, हा सामानात टाकायला हवा होता. मामांचा अडकित्ता त्यांच्या वडिलांच्या वेळचा. शेवटी मी धावत जाऊन तो मामेभावाच्या हवाली केला. आषाढातला माझा हा दुसरा धावा.

मग काचेतून आम्ही विमान उतरताना पाहिले. त्याचे पंख पाठीवर बसवलेले आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा पात्यांचे पंखे. फ्रेंच आणि इटालियन लोकांनी मिळून बनवलेले हे ए.टी.आर. विमान, सत्तरएक उतारूंचे. लहान गावांना ते का मानवते, ते पाहताच कळले. शेपटीकडचे दार उघडले तर दाराच्याच पायऱ्या झाल्या. वेगळी शिडी नको. जमिनीवर असताना उजवे इंजिन पंखा रोखून नुसते चालू ठेवतात आणि त्यावर दिवे, थंड हवा सगळे चालते. बाहेरून विजेची गाडी आणायला नको. जवळच्या प्रवासाला तेल कमी पिते आणि आखूड धावपट्टीवरही उतरते. जेटच्या मानाने सावकाश जाते. पण तासाभराच्या वाटेवर पाच-दहा मिनिटांनी कोणाचे काय अडते?

मी घड्याळ लावून बसलो होतो. गोव्याची माणसे उतरली, सामान निघाले, आमचे चढले, आम्ही चढलो, दार मिटले. अर्ध्या तासाच्या आत पंखे पुन्हा फिरू लागले. मला वेळापूरचा तळ आठवला. चोप उंचावला आणि दिंडी निघाली.

मामी खिडकीशी बसल्या, मामा मध्ये. विमान उचलले तेव्हा मामांनी माझे मनगट घट्ट धरले आणि डोळे मिटून 'पांडुरंग, पांडुरंग' सुरू केले. थोड्या वेळाने त्यांनी एक डोळा उघडला. खाली माणदेशाकडची तपकिरी जमीन, मधूनच उसाचे हिरवे चौकोन, आणि मग एक रुंद गढूळ नदी. कृष्णाच असावी. मामी म्हणाल्या, "किती बारीक दिसतंय समदं." पुढे ढगांची रास लागली. सह्याद्रीवरच्या पावसात विमान जरा डुलले, तेव्हा मनगटावरची पकड पुन्हा घट्ट झाली. ढग फाटले, आणि खाली माड, लाल माती आणि पाण्याने भरलेली भातशेते! एवढ्या थोड्या वेळात एवढा वेगळा मुलूख पाहून मामा चकित झाले. ते घड्याळाकडे पाहत राहिले. एक तासही झाला नव्हता.

"एवढंच लांब हुतं व्हय?" ते म्हणाले.

हे मला उद्देशून नव्हते, म्हणून मी काही बोललो नाही.

*

मोपाच्या विमानतळावर जावई आणि नात आले होते. म्हापशाच्या घरी ताई पाठीला पट्टा बांधून दारात उभी होती. तिला वाकून पाया पडता येईना. तशीच धडपड करू लागली तेव्हा मामांनी तिचे दोन्ही खांदे धरून तिला सरळ उभे केले. "ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे," एवढेच ते म्हणाले. मग चप्पल बाहेर काढून, पाय धुऊन, उजवे पाऊल आधी टाकीत त्यांनी तो उंबरठा ओलांडला. नव्या सुनेने ओलांडावा तसा!

चार दिवस राहिलो. गोव्याची देवळे पाहिली, मासे न खाणाऱ्या मामांसमोर जावयाने अगदी संकोचाने सोलकढी ठेवली आणि ती त्यांनी दोनदा मागून घेतली. शेवटच्या संध्याकाळी पडवीत पाऊस पाहत बसलो असता मामांनी ताईला विचारले, "रातच्या गाडीनं येतीस तवा किती लागत्यात गं पैसे?"

ताईने आकडा सांगितला. दिवाळीच्या गर्दीत कधी दुप्पट लागतात, तेही सांगितले.

मामांनी बोटांवर हिशेब केला. येणे-जाणे, नवरा-बायको, पुढे नात, आणि नऊ दिवाळ्या. तो कुठेतरी अडला, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि मग त्यांनी हात मांडीवर ठेवला.

"समदं भाडं हिनंच भरलं," ते पावसाकडे पाहून म्हणाले.

*

परत आल्यानंतर त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला सोलापूरहून मुंबईला 'स्टार एअर'चे विमान सुरू झाले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या घोडावत उद्योगसमूहाची ही कंपनी २०१९ पासून लहान शहरांना जोडण्याचे काम करते आहे. या मार्गासाठी राज्य सरकारने तोटा भरून देण्याची तयारी दाखवली. टाटांच्या पहिल्या उड्डाणाला त्या दिवशी त्र्याण्णव वर्षे पुरी झाली होती. हा केवळ योगायोग असेल. पण बैलगाडीतून आलेल्या पेट्रोलापासून सोलापूरच्या उतारूपर्यंत यायला आपल्याला एवढा काळ लागला, हे त्या तारखेने सांगितले खरे.

ही विमाने टिकतील का, असे मला लोक विचारतात. ७७४ आणि ५४ हे दोन आकडे डोक्यात असलेल्या माणसाने भविष्य सांगू नये. मला एवढेच ठाऊक आहे, की दिवाळीच्या आधी वेळापूरहून मामेभावाचा फोन आला. मामांनी भिंतीवरच्या पंचांगात विमानाच्या वारांवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या आणि आगाऊ तिकिटे काढायला लावली होती. कारण उशीर झाला की भाव चढतो, हे ते विसरले नव्हते. मी मामांना फोन द्यायला सांगितले.

"काय मामा, पुन्हा वाट वाकडी करणार म्हणे?"

"व्हय. आता पाळी माझी हाय," मामा म्हणाले. "आन् हे बघ, ह्या बारीला अडकित्ता घरीच ठिवतोय. सुपारी फोडूनच नेतो."